नावं ठेवणारं यंत्र

मराठीत ‘नावं ठेवणं’ याचे दोन अर्थ होतात, आणि गेलं वर्षभर मी ज्या संकेतस्थळाची वर्गणी भरत होते ते दोन्ही अर्थांनी नावं ठेवतं. गोष्टीतल्या पात्राला नाव सुचवतं, आणि तुम्ही आपल्या डोक्याने एखादं ठेवलंत की त्याला नावं ठेवतं. पहिलं काम ते बऱ्यापैकी करतं. दुसऱ्या कामावरून माझा आणि त्याचा जो खटका उडाला, त्यापायी हे लिहायला बसले आहे.

गरज का पडली ते आधी सांगते. माझी कादंबरी एका मालवाहू जहाजावर घडते. एकवीस माणसं, नऊ देश, चहूकडे पाणी. असली गोष्ट लिहायला घेतली की कथानकाच्या आधी हजेरीपट भरावा लागतो. पहिल्या खर्ड्यात मी रशियन इंजिनिअरला इव्हान म्हटलं, फिलिपिनो बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) होसे, कोरियन खलाशाला किम आणि कंपनीच्या जर्मन माणसाला हान्स. एका मैत्रिणीने चाळीस पानं वाचली आणि विचारलं, “ही माणसं आहेत की झेंडे?” त्याच रात्री वर्गणी भरली.

सेवेचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि असल्या डझनभर सेवा एकाच साच्यातून निघाल्यासारख्या असतात, त्यामुळे एकीला वेगळं काढून झोडपण्यात अर्थ नाही. रचना साधी आहे. एका यादीतून संस्कृती निवडायची, मग स्त्री की पुरुष, मग जन्माचं दशक. बटण दाबलं की दहा नावं येतात. प्रत्येकाखाली अर्थ, उच्चार ऐकण्याची खूण आणि ‘जुळणी’ नावाची पट्टी. पट्टी हिरवी असली तर नाव त्या संस्कृतीत बसतं, लाल असली तर बसत नाही. स्वतःचं नाव टाकूनही तपासता येतं. आणखी दोन सोयी आहेत: ‘सारखी नावं’ टिपणारा इशारा आणि ‘नावामागची गोष्ट’ रचून देणारं एक बटण. त्या बटणाबद्दल पुढे बोलेन. राग आवरून बोलेन असं वचन देत नाही.

चांगलं ते आधी. आडनावांच्या व्याकरणात या यंत्राने मला चार-पाच वेळा तोंडावर पडण्यापासून वाचवलं. माझा युक्रेनियन इलेक्ट्रिशियन कोवालेन्को. त्याची बहीणही कोवालेन्कोच, कारण ‘-एन्को’वालं आडनाव बाईसाठी बदलत नाही. पण मी त्याची बायको माहेरची ‘झालेन्स्की’ लिहिली होती. यंत्राने खूण केली: बाई असेल तर ‘झालेन्स्का’. हंगेरियन माणूस आपल्या देशात आडनाव आधी लावतो, हे मला ठाऊकच नव्हतं. जपानी, चिनी, कोरियन लावतात एवढंच माहीत होतं. आइसलँडच्या एका पात्राला मी सगळ्यांच्या तोंडून ‘मिस्टर गुडमुंडसन’ म्हणवत होते. तिथे ते आडनावच नव्हे, ‘गुडमुंडचा मुलगा’ एवढाच त्याचा अर्थ. त्याची बहीण ‘गुडमुंडस्डोटिर’ होईल, आणि देशाच्या अध्यक्षालाही लोक पहिल्या नावानेच हाक मारतात. तिथल्या टेलिफोनच्या यादीतही माणसं पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असत. हे सगळं त्या खिडकीच्या कोपऱ्यातल्या छोट्या टिपणांमध्ये होतं. ती टिपणं ज्याने कोणी लिहिली आहेत, त्याला माझ्यातर्फे एक वेगळा तारा.

सगळ्यात आवडलं ते घानाच्या अकान नावांचं पान. तिथे यंत्र तुम्हाला एक प्रश्न विचारतं, जो बाकी कुठेच विचारत नाही: पात्राचा जन्म कोणत्या वारी झाला? अकान लोकांत वारावरून नाव मिळतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८चे, आणि तो शुक्रवारच होता. मी उलटं मोजून पाहिलं. त्यांच्या नावात ‘अट्टा’ही होतं, म्हणजे जुळ्यातला. शेजारच्या, नायजेरियाच्या योरुबा लोकांच्या पानावरही जुळ्यांची अशीच सोय आहे. आधी जन्मलेलं ताइवो, मागाहून आलेलं केहिंदे. आणि गंमत म्हणजे मागाहून आलेलं थोरलं मानतात, कारण धाकट्याला त्यानेच जग कसं आहे ते बघायला पुढे पाठवलेलं असतं. मला एवढ्यावरून एक प्रकरण सुचलं. जन्मवाराचा एक रकाना ठेवला की नावाला लगेच आई-बाप, घर, घड्याळ सगळं चिकटतं. बाकीच्या पानांवरही असा एखादा प्रश्न असता, तर हा मजकूर मी फार वेगळा लिहिला असता.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक इशारा, कारण ही अडचण यंत्र बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलेली नाही. ‘सारखी नावं’ ही सोय आपल्या कामाची नाही. वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून एकाच अक्षराने सुरू होणारी नावं टाळावीत, हे बरोबरच आहे. पण यंत्र रोमन अक्षरं बघतं. त्याने चेन आणि कार्लोस सारखे ठरवून लाल खूण केली. आणि होसे, हान्स, हेरार्दो हे तिघे खुशाल सोडून दिले, कारण रोमनमध्ये ते तीन वेगळ्या अक्षरांखाली उभे असतात. देवनागरीत उतरवल्यावर माझ्या डेकवर नुसता ‘ह’चा बाजार भरला.

दुसरं, विभक्ती आणि क्रियापद. यंत्राने सेकंड इंजिनिअरसाठी निकिता हे नाव दिलं, पट्टी हिरवीगार. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह निकिताच होते, त्यात खोट काही नाही. पण मराठी वाचकाला निकिता म्हटल्यावर एक मुलगी दिसते आणि पुढच्याच क्षणी ‘निकिता म्हणाला’ येतं. इंग्रजीत लिहिणारा हे दहा पानं लपवू शकतो, आपलं क्रियापद पहिल्या ओळीत चुगली करतं. त्यात पुन्हा निकिताने की निकितेने? साशा, इल्या, लुका, इटलीतला आंद्रेआ (तोही पुरुष) या सगळ्या आकारान्त गड्यांना मी शेवटी ‘-ने’च लावलं आणि सामान्यरूप केलं नाही. मुद्रितशोधकाने हरकत घेतली नाही, म्हणजे बहुधा बरोबर असावं.

तिसरं, कान. जपानी कॅप्टनसाठी यंत्राने अतिशय सभ्य, सुंदर अर्थाचं, अस्सल आडनाव काढून दिलं: मोरी. अर्थ ‘वन’. आता तुम्हीच सांगा, ‘कॅप्टन मोरी पुलावर उभे होते’ हे वाक्य मी गंभीर कादंबरीत कुठल्या तोंडाने लिहू? त्याच कॅप्टनच्या मुलीसाठी सुचवलं नाना. जपानमध्ये हे मुलीचं गोड नाव आहे. माझ्या डोळ्यांसमोर धोतरातले गृहस्थ आले. कॅप्टन शेवटी फुजिता झाले आणि मुलीला पत्रातच ठेवलं, तिथे ती ‘तुमची लेक’ अशी सही करते.

इथपर्यंतच्या कुरकुरी किरकोळ. यंत्र मराठीसाठी बनवलेलं नाही, एवढंच त्यांत सिद्ध होतं. खरी खोट बोसनपाशी उघडी पडली.

होसे बदलायचा म्हणून मी ‘फिलिपिन्स, पुरुष, सत्तरचं दशक’ असं निवडलं. यंत्राने बायानी, मकिसिग असली एकाहून एक भारदस्त तागालोग नावं काढली. अर्थ काय, तर वीर, तेजस्वी, बलवान. पट्टी गडद हिरवी. मग मी गंमत म्हणून जुनंच, होसे सांतोस, तपासाला टाकलं. पट्टी नारिंगी! शेरा: ‘हे नाव स्पॅनिश संस्कृतीतलं आहे.’ अरे बाबा, आहेच. पण तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य सोसलेल्या देशात ते असणार नाही तर कुठे असणार? १८४९मध्ये गव्हर्नर क्लाव्हेरियाने फर्मान काढलं, आडनावांची एक वर्णानुक्रमी सूची गावोगाव पाठवली आणि घराघराला त्यातून आडनावं वाटली. काही गावांच्या वाट्याला सूचीचं एकच पान आलं, म्हणून तिथे आजही बहुतेक आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. म्हणजे सांतोस हे नाव ‘परकं’ आहे हे खरं, आणि तेच त्या माणसाचं अस्सल नाव आहे हेही खरं.

यंत्राला अस्सल याचा अर्थ ‘जुनं आणि निर्भेळ’ एवढाच कळतो. तिथली माणसं नाव घडवण्यात किती खट्याळ आहेत, याचा त्याला पत्ताच नाही. २०१० ते २०१६ या काळातल्या तिथल्या उपाध्यक्षांचं नाव जेजोमार बिनाय: जीझस, जोसेफ आणि मेरी यांचे तुकडे जोडून केलेला जेजोमार. बायकांत लुझविमिंदा असतं, ते लुझोन, विसायस आणि मिंदनाव या तीन बेटसमूहांवरून बेतलेलं. अख्खा नकाशा एका मुलीच्या गळ्यात. माझा बोसन आता रोमेल आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनापतीवरून; बापाला रणगाड्यांचं वेड होतं. हे मी रचलं. यंत्राने त्याला तेरा टक्के दिले.

इंडोनेशियन थर्ड ऑफिसर देवीच्या वेळीही तेच. मी तिचा धर्म इस्लाम लिहिला होता. शेरा आला, ‘नाव आणि धर्म यांत विसंगती.’ ज्या देशाच्या राजमुद्रेवर गरुड आहे, ज्याच्या पहिल्या अध्यक्षाला, सुकार्नोंना, महाभारतातल्या कर्णावरून नाव मिळालं आणि ज्यांची कन्या मेगावती सुकार्नोपुत्री पुढे स्वतः अध्यक्ष झाली, त्या देशात मुसलमान मुलीचं नाव देवी असण्यात विसंगती दिसायला यंत्रच व्हावं लागतं. वर आणखी एक गाऱ्हाणं: पुष्कळ जावानीज माणसांना एकच नाव असतं, आडनाव नसतंच. सुकार्नो म्हणजे सुकार्नो, सुहार्तो म्हणजे सुहार्तो. पण संकेतस्थळाचा तक्ता आडनावाचा रकाना रिकामा ठेवू देत नाही. मी टिंब दिलं. तेव्हापासून माझ्या पात्रांच्या यादीत ती ‘देवी टिंब’ म्हणून नोंदली आहे आणि मला ते नाव आता आवडायलाही लागलं आहे.

आणि मग इंदिरा.

जहाजाची चीफ ऑफिसर, कादंबरीचा कणा. कोटोरची, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातली, आजच्या मॉन्टेनेग्रोतली. खलाशांचं जुनं बंदर. तिचं नाव मला आधी सुचलं आणि बाकीची ती नंतर. इंदिरा वुकोविच. त्या भागात हे नाव आकाशातून पडलेलं नाही. बोस्नियात जन्मलेली गायिका इंदिरा रादिच आहे, मॅसेडोनियाची हँडबॉलपटू इंदिरा कास्त्रातोविच आहे. नेहरू, टिटो, नासर यांची दोस्ती, १९६१ची बेलग्रेडमधली अलिप्त देशांची परिषद, मग नेहरूंची लेक स्वतः पंतप्रधान: युगोस्लाव्हियातल्या एखाद्या घरात हे नाव शिरायला एवढी दारं उघडी होती.

मी ते टाकलं. पट्टी लालभडक. जुळणी चार टक्के. शेरा: ‘हे नाव पात्राच्या संस्कृतीबाहेरचं आहे. वाचकाला खटकेल. त्याऐवजी: येलेना, मिलिका, इव्हाना.’

शेऱ्याचा पहिला भाग खरा आहे, दुसराही काही अंशी खरा आहे. तिसऱ्याने माझं डोकं फिरलं. कारण परक्या संस्कृतीतलं नाव हा दोष आहे आणि तो बदलून घालवायचा असतो, असं हे यंत्र गृहीत धरतं. माणसं तसं जगत नाहीत. सोव्हिएत काळात बापांनी मुलांना व्लादलेन म्हटलं, तो व्लादिमीर लेनिनचा संक्षेप. मुलींना निनेल म्हटलं; उलटं वाचा. किम नावाचे रशियन पुरुष होते, त्यांचा कोरियाशी काडीचा संबंध नव्हता. कम्युनिस्ट युवक आंतरराष्ट्रीय संघटनेची रशियन आद्याक्षरं होती ती. २०१७ ते २०२१ इक्वेडोरचे अध्यक्ष होते लेनिन बोल्तायर मोरेनो. बोल्तायर म्हणजे आपला व्हॉल्तेअर, तिथल्या उच्चाराप्रमाणे लिहिलेला. एका पोराच्या नावात रशियन क्रांती आणि फ्रेंच तत्त्वज्ञ शेजारी बसवणारा बाप कसा असेल, याचा विचार करत मी एक संध्याकाळ घालवली. आर्मेनियात हॅम्लेट हे चारचौघांसारखं नाव आहे. फुटबॉलपटू हेन्रिख म्खितार्यानच्या वडिलांचं नाव हॅम्लेटच होतं आणि तेही फुटबॉलपटूच होते, कुणी उदास राजपुत्र नव्हते. अभिनेत्री उमा थर्मनचं मधलं नाव करुणा, कारण वडील तिबेटी बौद्ध परंपरेचे अभ्यासक. या प्रत्येक नावाला यंत्र लाल पट्टी देईल. मी ती सगळी तपासून पाहिली. दिली.

तमिळनाडूचे एम. के. स्टालिन हे उदाहरण तर हाताशीच आहे. जन्म १ मार्च १९५३चा. मॉस्कोत स्टालिन वारला ५ मार्चला. करुणानिधींनी पोराला कोणत्या आठवड्यात नाव दिलं हे नुसत्या तारखांवरून कळतं. त्या चार दिवसांवरूनच मला पुढचं सुचलं: माझी इंदिरा नोव्हेंबर १९८४च्या पहिल्या आठवड्यात जन्मली. आजोबा तेव्हा युगोस्लाव्ह मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर. ३१ ऑक्टोबरची बातमी त्यांनी हेडफोनवर ऐकली, आणि चार दिवसांनी घरून तार आली की मुलगी झाली. उत्तराच्या तारेत त्यांनी एकच शब्द पाठवला. घरच्यांना वाटलं, तार चुकीच्या पत्त्यावर आली.

आता या नावाचा अर्थ ‘लक्ष्मी’ आहे की ‘वैभव’, याचा माझ्या गोष्टीला उपयोग शून्य. आजोबांनाही तो ठाऊक नव्हता. यंत्र मात्र अर्थाने सुरुवात करतं आणि अर्थावरच थांबतं. हे नाव कोणी दिलं, केव्हा दिलं, कोणाला आवडलं नाही, हे ते विचारतच नाही. अकान पानावर वार विचारायचं सुचलेल्या माणसाला हे इथे का सुचू नये?

आणि सगळीच परकी नावं प्रेमाने आलेली नसतात. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेला कोरियन धावपटू सोन कीचुंग नोंदीत ‘सोन कितेई’ होता. अक्षरं तीच, पण जपानी वाचन, कारण कोरिया जपानच्या ताब्यात. सह्या तो कोरियन लिपीत करायचा. बल्गेरियाने १९८४-८५मध्ये आपल्या तुर्कांची नावं सक्तीने बदलली, त्यात वेटलिफ्टर नइम सुलेमानोव्हचा नाउम शालामानोव्ह झाला. १९८६मध्ये मेलबर्नला स्पर्धेसाठी गेला तो परतलाच नाही, आणि १९८८ला सोलमध्ये तुर्कस्तानसाठी सुवर्ण उचललं ते नइम सुलेमानओग्लू म्हणून. अमेरिकेत १८७९ साली कार्लायलच्या निवासी शाळेत आलेल्या लकोटा या आदिवासी जमातीच्या मुलांना फळ्यावर नावं लिहून दाखवली आणि छडीने एक निवडायला सांगितलं. ओता क्ते नावाच्या मुलाने छडी टेकवली, तो पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर झाला. पात्राला परक्या संस्कृतीतलं नाव देताना यातलं आपल्याला काय म्हणायचंय, हे लेखकाला माहीत हवं. प्रेम, फॅशन, धर्म, धाक, की नुसती कानाला बरं वाटलं म्हणून. ल्यूथर या नावासमोर हिरवी पट्टी आणि ‘जर्मन मूळ, अर्थ: लोकांची सेना’ एवढंच बघून कोणी पुढे गेला, तर त्याच्या हातून फार मोठी गोष्ट निसटते.

आता त्या ‘नावामागची गोष्ट’ बटणाकडे वळते. इंदिरासाठी मी ते दाबलं. उत्तर: ‘तिचे पूर्वज स्थलांतरित होते. न्यूयॉर्क बंदरावरच्या अधिकाऱ्याने त्यांचं नाव बदललं.’ कोटोरच्या बाईला न्यूयॉर्क! आणि मुळात ही कथाच पोकळ आहे. १८९२पासून तिथल्या एलिस बेटावर उतरणाऱ्यांची नोंद अधिकारी जहाजाच्या यादीवरून तपासत. ती यादी निघालेल्या बंदरात भरलेली असे. नावं बदलली ती बहुतेक लोकांनी स्वतः, नंतर, नोकरी-शेजार बघून. मी ते बटण सहा वेगवेगळ्या पात्रांसाठी दाबून पाहिलं. चार जणांना तोच अधिकारी भेटला.

ग्राहक सेवेला सविस्तर लिहिलं: रिकामं आडनाव चालू द्या, कोणी-केव्हा-का असे तीन रकाने द्या, लाल रंग काढा. नऊ दिवसांनी उत्तर आलं. सुरुवात होती ‘प्रिय ग्राहक’. नावांचा धंदा करणाऱ्यांनी!

यंत्राच्या शेऱ्यातलं ‘वाचकाला खटकेल’ मात्र मी हलकं घेतलं नाही. खर्डा तिघांना दिला. दोघांनी इंदिराला बराच वेळ भारतीयच धरलं. एकाने तर समासात लिहिलं, ‘ही वुकोविच लग्नानंतरची का?’ चूक त्यांची नव्हे. हे नाव आपल्या कानाला घरचं आहे, आणि घरचं नाव परक्या माणसावर बघायची आपल्याला सवय नाही. उलट दिशेची आहे. सोनिया, नताशा आपण कधीच्या घरात घेतल्या. यावर उपाय यंत्राकडे नव्हता. मी पहिल्या प्रकरणात खुलासा घुसडून पाहिला, तो वर्तमानपत्रातल्या चौकटीसारखा दिसला. मग काढून टाकला आणि बाविसाव्या पानावर एक छोटा प्रसंग घातला. जहाजावरचा भारतीय ऑइलर (इंजिनाचं तेलपाणी बघणारा) रात्रपाळीत धीर करून विचारतो, “मॅडम, तुम्ही आमच्याकडच्या का?” ती लॉगबुकमधून मान वर न करता म्हणते, “हे विचारणारे तुम्ही अकरावे.” बस. तार, आजोबा, हेडफोन हे सगळं पुढे शंभराव्या पानानंतर येतं. नव्या खर्ड्यात कोणीही अडखळलं नाही.

तर घ्यावं का? गर्दीची पात्रं असतील, जिथे माणूस येतो, दोर बांधतो आणि जातो, तिथे हे वेळ वाचवतं. व्याकरणाची टिपणं तर खरोखरच वाचण्यासारखी आहेत. मुख्य पात्रासाठी घेत असाल तर पैसे वाया जातील. त्यापेक्षा फुटबॉल विश्वचषकाचे संघ किंवा ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंच्या याद्या उघडा. फुकट असतात, प्रत्येकासमोर जन्मवर्ष असतं, आणि त्या वर्षी त्या देशात आईबाप खरोखर काय नावं ठेवत होते ते दिसतं. कोरियन संघात किम किती, व्हिएतनामच्या संघात न्गुयेन किती, ते एका नजरेत कळतं. कोरियात पाचातला एक किम, तर यंत्र आपलं दरवेळी नवनवीन दुर्मीळ आडनाव काढत बसतं. एकाचं नाव घ्या, दुसऱ्याचं आडनाव घ्या. एकाच खेळाडूची दोन्ही उचलू नका, नाहीतर ओळखीचा गोलकीपर तुमच्या कादंबरीत खून करताना सापडेल.

पाचपैकी अडीच तारे. त्यातला एक पूर्ण त्या टिपणं लिहिणाऱ्याचा.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपते. एकवीसपैकी अकरा नावं यंत्राची राहिली, सहा माझी, तीन खेळाडूंच्या याद्यांतली, आणि रात्रपाळीच्या त्या ऑइलरला अजून नाव नाही. तो कोणालाच सांगत नाही, आणि इंदिराने विचारलेलं नाही.